शेजारणीचा तलाक आणि आपली फारकत



गोडादरा, लिंबायत, डिंडोली या पट्ट्यात चहाच्या टपरीवर राजकारणाच्या गप्पा सुरू झाल्या की एक वाक्य हमखास ऐकू येते : "मुसलमानांत बायकांचे फार हाल असतात हो!" सगळे माना हलवतात, चहा संपतो आणि विषयही संपतो. त्या बाईचे पुढे काय, हे कोणी विचारत नाही. म्हणून आज या विषयावर थोडे स्पष्ट लिहितो आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, या प्रश्नावर आवाज उठवण्यात मराठी मुसलमानांचा मोठा वाटा आहे, याचा आपल्याला विसर पडला आहे. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला. मोर्चात महिला किती? फक्त सात! जबानी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, सर्वांना समान नागरी कायदा लावा, ही त्यांची मागणी होती. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. मंडळाच्या नावातच जोतीराव फुल्यांचा वारसा आहे. दलवाई १९७७ मध्ये गेले, पण त्यांच्या पत्नी मेहरुन्निसा आणि पुण्याचे सय्यदभाई यांनी हे काम पुढे चालवले. सय्यदभाई या कामात आले ते सख्ख्या बहिणीला मिळालेला तलाक पाहून.

इंदूरच्या शाहबानोच्या पोटगीचा निकाल २३ एप्रिल १९८५ रोजी लागला, तेव्हा सरन्यायाधीशपदी यशवंतराव चंद्रचूड हे मराठी गृहस्थ होते. म्हातारीच्या बाजूने निकाल झाला, पण लगेच १९८६ मध्ये संसदेने नवा कायदा करून त्यावर पाणी ओतले. त्या वेळी मतांचा हिशेब झाला, बाईचा झाला नाही. पुढे २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तीन तलाक तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द ठरवला. त्या खटल्यातही शायराबानो ही मुस्लिम बाईच लढली. २०१९ च्या कायद्याने तर असा तलाक देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली.

"त्यांच्या धर्मातच तसे आहे," असे म्हणणाऱ्यांनी बाहेर जरा नजर टाकावी. ट्युनिशियाने १९५६ मध्येच बहुपत्नीत्व बंद केले आणि न्यायालयाबाहेरचा तलाक अमान्य ठरवला. उलट अफगाणिस्तानात २०२१ मध्ये तालिबान पुन्हा सत्तेवर आले आणि मोठ्या मुलींच्या शाळांना कुलूप लागले. दोन्ही देश मुस्लिमच. फरक धर्मग्रंथाचा नाही. सत्ता कोणाच्या हाती आणि ती बाईचे ऐकते की नाही, याचा आहे.

आता आपल्या घरात डोकावू. आपल्याकडे 'नांदवत नाही' म्हणून माहेरी बसलेल्या लेकी किती आहेत, हे प्रत्येक सोसायटीला ठाऊक आहे. चार पंच बसतात, स्टॅम्प पेपरवर फारकत लिहितात, भांडीकुंडी परत होतात, झाला निकाल! हिंदू विवाह कायदा १९५५ चा आहे. तशी रूढी न्यायालयात सिद्ध झाल्याशिवाय त्या कागदाला कायद्यात किंमत नाही. तरी पंच सही करतात आणि मुलीचा बाप मुकाट्याने घरी येतो. शेजारचा तोंडी तलाक आणि आपली ही लेखी फारकत, यात बाईच्या दृष्टीने फरक किती?

आणि सुरतकरांनी तरी डॉ. रखमाबाईंना विसरू नये. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या मुंबईच्या मराठी मुलीने नवऱ्याकडे नांदायला नकार दिला. १८८७ मध्ये न्यायालयाने 'नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग' असे फर्मावले, तेव्हा ती तुरुंगाला तयार झाली. "धर्म बुडाला" अशी ओरड आपल्याच लोकांनी केली, लोकमान्यांचा 'केसरी'ही तिच्या विरोधात होता. तीच मुलगी लंडनहून डॉक्टर होऊन आली आणि तिने अनेक वर्षे आपल्या सुरतेत बायकांची सेवा केली. आज शाहबानोला विरोध करणाऱ्यांना आपण हसतो. १८८७ मध्ये आपण कोणत्या बाजूला होतो?

फेब्रुवारी २०२५ मध्ये गुजरात सरकारने समान नागरी कायद्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. या विषयावर आपल्याकडे उत्साह आहे, असावाही. दलवाईंनी हीच मागणी केली होती. पण कायदा 'त्यांना धडा शिकवायला' हवा असेल, तर तो बाईच्या कामाचा नाही. तो हवा तर शेजारणीसाठी आणि आपल्या लेकीसाठी, दोघींसाठी, एकाच मापाने.

तोपर्यंत हात बांधून बसायचे कारण नाही. १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, तलाक झालेली मुस्लिम स्त्रीही सर्वसाधारण फौजदारी कायद्याखाली पोटगी मागू शकते. जुने कलम १२५, आता नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईला, तिचे उत्पन्न कितीही असो, फुकट वकील मिळतो. अडचणीच्या वेळी १८१ अभयम आहेच.

साडीला टिकल्या-लेस लावायचे काम करणाऱ्या आपल्या बायका आणि मुस्लिम बायका दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहतात. आपल्या मंडळाने फारकतीच्या बैठकीत बसणे बंद करावे, आणि मदत मागायला दारी आलेल्या बाईला, ती कोणाचीही असो, ही माहिती देऊन सोबत एक माणूस पाठवावा. एवढे केले तरच टपरीवर बोलायचा अधिकार आपल्याला राहील.

विचार व्हावा, ही नम्र विनंती.