कच्चा आहार, पक्के प्रश्न

तीन महिने मी 'रॉ फूड'वर होते. पोळी बंद, भात बंद, चहासुद्धा बंद! फळं, काकडी, मोड आलेले मूग, भिजवलेले बदाम, बस्स. ऑफिसात फारसं जड गेलं नाही. दोन दिवस कॅन्टीनमध्ये 'शेळी आली रे' झालं, तिसऱ्या दिवशी टीम लीडरनेच डाएट चार्ट मागितला. खरी परीक्षा होती आजोळी, हिंगोली जिल्ह्यातल्या कुरुंद्यात.

फेब्रुवारीचे दिवस. वसमतचा हा सगळा पट्टा हळदीचा, त्यामुळे शिवारभर हळद शिजवण्याची धांदल. मामी चुलीवर ज्वारीच्या भाकरी थापत होती आणि मी डब्यातून काकडी काढली.

'काय खायलीस गं माय हे?' आजी.

झालं, मी सुरू! एन्झाइम्स, डिटॉक्स, उष्णतेने व्हिटॅमिन सी कसं कमी होतं... मामा शांतपणे म्हणाले, 'आमची हळदबी शिजवल्याबिगर नीट वाळत नाही. तू तर माणूस हाईस.' माझं प्रेझेंटेशन तिथेच खल्लास.

आजीने मात्र वाद घातला नाही. कोवळी मेथी, कांद्याची पात चिरली, शेंगदाण्याचं कूट, तिखट, मीठ आणि वरून करडईचं कच्चं तेल. मेथीचा घोळाणा! सोबत हरभऱ्याचे डहाळे. 'हे बी कच्चंच हाय की. पर भाकरीसंगं खावं.' म्हणजे मी ज्याला लाइफस्टाइल म्हणत होते, ते या ताटात आधीपासूनच होतं. फक्त त्याला भाकरीची जोड होती.

रात्री अंथरुणं घालताना मामीने हळूच विचारलं, 'पाळी येती का गं टायमावर?'

दोन महिने आली नव्हती. मी ते डेडलाइन्सवर ढकललं होतं. कुणालाच सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही.

परतल्यावर डॉक्टर गाठले आणि वाचनही केलं. जर्मनीत 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कच्च्या आहारावर राहणाऱ्या 45 वर्षांखालच्या सुमारे 30 टक्के स्त्रियांची पाळी अनियमित झाली होती किंवा थांबली होती. आहारात कच्चं जितकं जास्त, तितका त्रास जास्त. गांधीजींनीही 1929 मध्ये न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला होता. आमांशाने हैराण झाल्यावर सोडला आणि तसं जाहीरपणे लिहिलंही. आपण मात्र चूक कबूल करायच्या आधी नवा स्मूदी ग्राइंडर घेतो!

तर दोस्तांनो, घरच्यांना आपलं डाएट समजावायचंय? 'तुमचं सगळं चुकतंय' असं म्हणू नका, त्यांच्या ताटात कच्चं काय आहे ते आधी बघा. किती दिवस आणि कशासाठी करताय, ते सांगा. दूधही सोडलं असेल तर बी-12 तपासा. आणि शरीर काही वेगळं सांगत असेल, तर ते लपवू नका.

हल्ली माझं अर्धं ताट कच्चं असतं, अर्धं शिजवलेलं. पाळी पुन्हा सुरू झाली तेव्हा पहिला फोन मामीला केला. ती एवढंच म्हणाली, 'मंग? भाकरी खायलीस ना?'