पथ्य हेच औषध : सिलिअॅक आजार आणि गव्हाच्या देशातील ताट

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखालील सुमारे ८१ कोटी लाभार्थींना विनामूल्य धान्य देण्याची योजना १ जानेवारी २०२४ पासून पुढील पाच वर्षांसाठी वाढविण्यात आली आहे. अंत्योदय कुटुंबास दरमहा ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस ५ किलो धान्य, असे या वाटपाचे स्वरूप आहे. हे धान्य मुख्यतः तांदूळ आणि गहू या दोन प्रकारांत मिळते. भुकेविरुद्धच्या लढ्यात या व्यवस्थेचे महत्त्व वादातीत आहे. तथापि, ज्यांच्यासाठी गव्हाची पोळी हे पोषण नसून आजाराचे कारण आहे, अशाही नागरिकांची संख्या या देशात लक्षणीय आहे. सिलिअॅक आजाराचे हे रुग्ण होत. त्यांच्यावर उपचार म्हणून कोणतीही गोळी दिली जात नाही. ग्लुटेनविरहित आहार, तोही आयुष्यभर, हाच एकमेव उपचार आहे. हा उपचार दवाखान्यात नव्हे, तर स्वयंपाकघरात, पिठाच्या गिरणीत आणि शिधावाटप दुकानात घडतो. त्यामुळे हा प्रश्न केवळ वैद्यकीय राहत नाही.

आजाराचे स्वरूप

गहू, जव आणि राय या धान्यांतील प्रथिनांच्या समूहास ग्लुटेन असे म्हणतात. कणकेला चिवटपणा येतो, पोळी लाटता येते आणि पाव फुगतो तो याच घटकामुळे. सिलिअॅक रुग्णांच्या शरीरातील रोगप्रतिकार यंत्रणा ग्लुटेनमुळे स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला चढविते. आतड्याच्या अस्तरावरील अन्नरस शोषून घेणारे सूक्ष्म उंचवटे झिजून सपाट होतात. परिणामी पोटभर जेवूनही शरीराला लोह, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वे मिळत नाहीत. जुलाब, पोटफुगी आणि वजन घटणे ही परिचित लक्षणे होत. परंतु औषधांनी न हटणारा रक्तक्षय, खुंटलेली उंची, ठिसूळ हाडे किंवा वंध्यत्व एवढ्याच रूपातही हा आजार प्रकट होऊ शकतो. निदानाला वर्षानुवर्षे विलंब होतो, त्याचे एक कारण हे आहे.

आहार आणि आजार यांचा संबंध प्रस्थापित करण्याचे श्रेय डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांच्याकडे जाते. गव्हाविषयीचा संशय त्यांना दुसऱ्या महायुद्धापूर्वीच आला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये भीषण अन्नटंचाई निर्माण झाली, पाव दुर्मीळ झाला आणि याच काळात सिलिअॅकग्रस्त मुलांची प्रकृती सुधारल्याचे दिसले. डिके यांनी या विषयावरील प्रबंध १९५० मध्ये सादर केला. त्यानंतर पाऊणशे वर्षे लोटली तरी पथ्याला पर्यायी ठरेल असे मान्यताप्राप्त औषध उपलब्ध झालेले नाही. ज्याच्याकडून मोठ्या आशा होत्या, त्या लाराझोटाइड या औषधाची तिसऱ्या टप्प्यातील चाचणीही २०२२ मध्ये थांबविण्यात आली.

उत्तर आणि दक्षिण

देशाच्या तीन विभागांतील २३ हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी करून काढलेले निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. या आजाराचे प्रमाण उत्तर भारतात १.२३ टक्के, ईशान्य भारतात ०.८७ टक्के, तर दक्षिण भारतात केवळ ०.१० टक्के आढळले. विशेष म्हणजे, या आजारास पूरक ठरणारी जनुके तिन्ही विभागांत जवळजवळ सारख्याच प्रमाणात, म्हणजे साधारण एक तृतीयांश लोकांत, आढळली. मोठा फरक होता तो ताटातील गव्हात. उत्तरेत गव्हाचे सरासरी दैनंदिन सेवन सुमारे ४५५ ग्रॅम, तर दक्षिणेत अवघे २५ ग्रॅम होते. ईशान्येतही ते ३७ ग्रॅमच असताना आजाराचे प्रमाण मात्र बरेच अधिक होते. त्यामुळे गहू हे एकमेव कारण मानता येत नाही. तरीही उत्तर-दक्षिण तफावतीत त्याचा वाटा मोठा असावा, असे मानण्यास जागा आहे.

महाराष्ट्राने या निष्कर्षाकडे गांभीर्याने पाहावयास हवे. दोन पिढ्यांपूर्वी राज्याच्या मोठ्या भागात ज्वारी-बाजरीची भाकरी हेच रोजचे अन्न होते आणि पोळी सणासुदीला होत असे. हरितक्रांती, शिधावाटपातील गहू आणि शहरी राहणीमान यांमुळे हे चित्र पालटले. ज्वारीखालील क्षेत्र सातत्याने घटत गेले. जनुके तीच राहिली, ताट मात्र बदलले. अशा स्थितीत ‘हा उत्तरेकडचा आजार आहे’ असे समजून डॉक्टरांनी किंवा रुग्णांनी त्याची शक्यता नाकारणे धोक्याचे ठरेल.

निदान आधी, पथ्य नंतर

अलीकडच्या काळात वजन घटविण्यासाठी ग्लुटेन वर्ज्य करण्याची प्रथा शहरांत रुजली आहे. तिचा एक दुष्परिणाम फारसा चर्चिला जात नाही. रक्तातील टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज प्रतिपिंडांची चाचणी आणि आवश्यकतेनुसार दुर्बिणीद्वारे आतड्याच्या तुकड्याची तपासणी, असा निदानाचा मार्ग आहे. या तपासण्या ग्लुटेनयुक्त आहार सुरू असतानाच विश्वासार्ह ठरतात. स्वतःच्या मनाने गहू सोडून काही महिन्यांनी डॉक्टरांकडे जाणाऱ्या व्यक्तीचा खरा आजारही चाचणीत दिसेनासा होतो. मग पथ्य आयुष्यभर पाळावयाचे की नाही, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. रुग्णाचे आईवडील, भावंडे आणि मुले यांना या आजाराचा धोका इतरांपेक्षा कितीतरी अधिक असल्याने त्यांचीही तपासणी करणे इष्ट असते.

स्वयंपाकघरातील पुनर्रचना

निदानानंतर पहिला प्रश्न असतो तो ‘आता खावयाचे काय?’ हा. मराठी स्वयंपाकघर या बाबतीत मुळीच दरिद्री नाही. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, वरई, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा आणि सर्व डाळी स्वभावतः ग्लुटेनविरहित आहेत. भाकरी, घावन, आंबोळी, नाचणीची आंबील हे पदार्थ ‘विशेष आहार’ नसून घरचेच आहेत. उपवासाच्या फराळातील बहुतेक पदार्थही चालण्यासारखे असतात.

अडचण येते ती लपलेल्या ग्लुटेनची. रवा, मैदा, शेवया आणि दलिया ही गव्हाचीच रूपे आहेत, हे सहज ध्यानात येते. परंतु थालीपिठाच्या भाजणीत आणि मेतकुटात बहुधा गहू असतो. सातूच्या पिठात जव किंवा गहू असण्याची शक्यता असते. बाजारातील मिश्रित हिंगात मैदा किंवा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, त्यामुळे निव्वळ फोडणीतूनही वरण बाधक होऊ शकते. माल्टयुक्त पेये, कॉर्नफ्लेक्स आणि सोया सॉस यांबाबतही हीच दक्षता आवश्यक आहे.

त्याहून बिकट प्रश्न आहे तो संसर्गाचा. साधारण २५ ग्रॅम कणकेच्या एका पोळीत दोन ग्रॅमच्या आसपास ग्लुटेन असते. दररोज ५० मिलिग्रॅम, म्हणजे अशा पोळीच्या सुमारे चाळिसाव्या हिश्श्याइतके ग्लुटेन काही महिने पोटात गेल्यास आतड्यास इजा होऊ शकते, असे अभ्यासांत दिसून आले आहे. हे प्रमाण लक्षात घेतले म्हणजे कोपऱ्यावरच्या गिरणीचा धोका कळतो. गव्हानंतर त्याच जात्यात दळलेली ज्वारी नावापुरतीच ज्वारी राहते. म्हणूनच अनेक कुटुंबे घरघंटी घेतात. तिच्यातही गहू दळला जाणार नाही, हे मात्र पाहावे लागते. चाळणी, पोळपाट-लाटणे आणि तळणीचे तेलही वेगळे ठेवावे लागते. ज्यांना हे परवडत नाही, त्यांनी धान्य धुऊन, वाळवून पाट्यावर किंवा घरच्या मिक्सरवर वाटण्याचा मार्ग पत्करावा.

पथ्य काटेकोर असल्यास बहुतेकांना काही आठवड्यांतच आराम पडू लागतो. आतड्याचे अस्तर भरून येण्यास मात्र अनेक महिने, प्रौढांत कधी काही वर्षेही लागतात. बरे वाटू लागले म्हणून पथ्य सैल करणे ही या टप्प्यावरची सर्वांत मोठी चूक होय. लक्षणे दिसत नसतानाही आतील इजा सुरू राहू शकते.

या साऱ्याला सामाजिक बाजूही आहे. पंगतीत पुरणपोळी नाकारणारा पाहुणा, सत्यनारायणाचा शिरा हातात घेऊन संकोचणारी सून, वाढदिवसाच्या केककडे पाहत बसणारे मूल, यांच्याकडे समाज अजून ‘फार नखरे करतात’ याच दृष्टीने पाहतो. ‘चिमूटभर प्रसादाने काय होते?’ या प्रेमळ आग्रहापुढे रुग्णाचे महिन्यांचे पथ्य वाया जाते. भुईमुगाची वावडी असणाऱ्याप्रमाणे येथे तत्काळ काही घडत नाही, त्यामुळे आग्रह करणाऱ्याला आपली चूक कधी कळतही नाही.

शासनाची भूमिका

नियमांच्या पातळीवर काही पावले पडली आहेत. प्रति किलो २० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन असलेल्या पदार्थासच ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणता येते, हे आंतरराष्ट्रीय मानक भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने स्वीकारले आहे. २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार ग्लुटेनयुक्त धान्यांचा उल्लेख वेष्टनावर करणे बंधनकारक आहे. परंतु सुट्या पिठाला, हलवायाच्या मिठाईला आणि उपाहारगृहातील थाळीला असे वेष्टन नसते. भारतीय कुटुंबाच्या अन्नाचा मोठा भाग तर याच मार्गांनी येतो. दुसरीकडे, वेष्टनावर ‘ग्लुटेनमुक्त’ असे छापलेले पीठ साध्या कणकेच्या कित्येक पट महाग असते.

खरा पेच गरिबांच्या बाबतीत आहे. पंजाब, राजस्थान यांसारख्या गहूप्रधान राज्यांत लाभार्थींच्या वाट्याला मुख्यतः गहूच येतो, आणि आजाराचे प्रमाणही उत्तरेतच अधिक आहे. अन्नसुरक्षा कायद्याच्या व्याख्येत तांदूळ आणि गव्हाबरोबर भरड धान्याचाही समावेश आहे. कर्नाटकात नाचणी आणि ज्वारी, तर ओडिशात नाचणी शिधावाटपातून दिली गेली आहे. तेव्हा वैद्यकीय प्रमाणपत्राच्या आधारे रुग्णाच्या वाट्याचा पाच किलो गहू तांदूळ किंवा भरड धान्याने बदलून देणे अशक्यप्राय नाही. शालेय पोषण आहारातही असा पर्याय ठेवता येईल. इटलीमध्ये रुग्णांना ग्लुटेनमुक्त अन्नासाठी मासिक अर्थसाहाय्य मिळते आणि बालकांच्या तपासणीसाठी २०२३ मध्ये कायदाही करण्यात आला. तेवढा खर्च भारताला पेलणार नाही, हा आक्षेप समजण्यासारखा आहे. परंतु धान्याच्या अदलाबदलीस नवे अनुदान नव्हे, तर केवळ नोंद आणि इच्छाशक्ती लागते.

भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष म्हणून साजरे केले. ज्वारी-बाजरीला ‘श्री अन्न’ असे गौरवाचे नाव मिळाले. त्या गौरवाचा सर्वाधिक उपयोग ज्यांना व्हावयास हवा, त्या रुग्णांपर्यंत ही धान्ये शुद्ध स्वरूपात आणि परवडणाऱ्या दरात पोहोचली, तरच तो सार्थ ठरेल. ज्या आजाराचे औषध अन्न हेच आहे, त्याच्या बाबतीत शिधापत्रिका ही देखील औषधाची चिठ्ठीच असते, याची जाणीव धोरणकर्त्यांनी ठेवावयास हवी.