बाळंतपण माहेरी की इथेच? बाळाच्या हृदयाला विचारा

चेन्नईच्या दक्षिण भागातल्या वेलचेरीत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी घरात सातवा महिना लागला की एकच चर्चा सुरू होते. बाळंतपण माहेरी करायचे की इथेच? शेजारच्या तमिळ घरातही हाच विषय असतो, कारण वळैकाप्पू, म्हणजे तिथले डोहाळजेवण, आटोपले की मुलगी आईकडे जाते. हा निर्णय बहुधा आई, सासू आणि रेल्वेचे आरक्षण मिळून घेतात. काही घरांत मात्र तो पोटातल्या बाळाच्या हृदयावर सोपवावा लागतो.

हजार जन्मांमागे साधारण आठ बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. त्यातले बरेच किरकोळ असतात. गर्भाचे हृदय सहाव्या आठवड्याच्या सुमारास धडधडू लागते आणि पुढे मिनिटाला ११० ते १६० ठोके देते. ठोके ऐकू आले की घरचे निर्धास्त होतात. पण ठोके मोजणे वेगळे आणि हृदयाचे काम मोजणे वेगळे. पंप चालू आहे हे आवाजावरून कळते, टाकीत पाणी किती चढते ते कळत नाही.

नेहमीच्या सोनोग्राफीत हृदयाचा सपाट काप दिसतो. त्यावरून लांबी-रुंदी मोजायची आणि कप्पा अंडाकृती आहे असे धरून आत रक्त किती मावते याचा अंदाज बांधायचा, ही जुनी रीत. डाव्या कप्प्यापुरती ती चालून जाते. उजवा कप्पा मात्र चंद्रकोरीसारखा वळून डाव्याला बिलगलेला असतो, आणि गर्भात जास्त भार त्याच्यावरच असतो.

ही अडचण त्रिमितीय सोनोग्राफीने बरीच सोडवली. २००३ च्या सुमारास पुढे आलेल्या पद्धतीत डॉक्टर पोटावरचा प्रोब स्थिर धरतात. आतली ध्वनिलहर साडेसात ते पंधरा सेकंदांत बाळाच्या हृदयावरून सावकाश सरकते. तेवढ्या वेळात हृदयाचे वीस-पंचवीस ठोके होऊन जातात. संगणक प्रत्येक काप ठोक्यातल्या त्याच्या क्षणाशी जुळवतो आणि पडद्यावर एक धडधडते हृदय उभे राहते. मग कप्पा भरलेला असताना आणि आकसलेला असताना त्याच्या आतल्या कडा आखल्या जातात. दोन मापांतला फरक म्हणजे एका ठोक्यात पुढे ढकललेले रक्त.

विसाव्या आठवड्यात एका कप्प्यात एक मिलिलिटरही रक्त मावत नाही, जेमतेम काही थेंब. आखणीत केसभर चूक झाली तरी आकडा बदलतो. बाळ हलले, आईचा श्वास जोरात झाला किंवा बाळाने पाठ वर केली, तरी चित्र बिघडते. म्हणून जाणकार डॉक्टर एका आकड्यावर निदान करत नाहीत. अठरा ते बावीस आठवड्यांच्या तपासणीत हृदयाचे चारही कप्पे आणि मोठ्या रक्तवाहिन्या नीट पाहणे, हीच पहिली पायरी आजही आहे. तिथे शंका आली, आईला आधीपासून मधुमेह असला, आई-वडिलांना किंवा आधीच्या मुलाला हृदयदोष असला किंवा जुळ्यांची वार एकच असली, तर गर्भाची खास हृदयतपासणी करून घ्यावी. बाळाला रक्तक्षय असल्यास किंवा जुळ्यांपैकी एकाकडे जास्त रक्त जात असल्यास हृदय थकू लागले आहे का, हे ठरवायला इतर खुणांबरोबर या मापांचाही उपयोग होतो.

त्रिमितीय सोनोग्राफी म्हणजे बाळाच्या चेहऱ्याचा फोटो, अशी अनेकांची समजूत आहे. फोटोची हौस समजण्यासारखी आहे, पण त्यापायी हृदयाची तपासणी घाईत उरकू नये. आणि मुलगा की मुलगी, हे तर विचारूच नये. १९९४ च्या कायद्याने ते विचारणे आणि सांगणे, दोन्ही गुन्हा आहे.

आता माहेरचा प्रश्न. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली असली तरी पोटात बाळ सुखरूप वाढते, कारण त्या दोन वाहिन्यांना जोडणारी एक छोटी नळी उघडी असते. जन्मानंतर ती काही तासांत-दिवसांत बंद होऊ लागते आणि बाळ निळे पडते. ती उघडी ठेवणारे औषध आणि लहान मुलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करणारा विभाग जवळ असेल, तर अशी बहुतेक बाळे वाचतात. माहेर तालुक्याच्या गावी असेल, तर तिथे हे मिळणे कठीण. अशा वेळी आईनेच लेकीकडे येऊन राहावे, हे बरे. पडद्याला लहानसे छिद्र असेल तर गोष्ट वेगळी. ते पुष्कळदा आपोआप बुजते, आणि डॉक्टरांनी होकार दिला की मुलीने खुशाल माहेरी जावे.

खर्चाची धास्ती असलेल्यांनी एवढे माहीत करून घ्यावे की फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयदोषांचाही समावेश आहे.

या तपासणीत साठवलेले धडधडते चित्र संगणकावर पुन्हा उघडून हव्या त्या बाजूने पाहता येते. चेन्नईत घेतलेले चित्र पुण्या-मुंबईच्या तज्ज्ञालाही तपासता येते. त्यामुळे अहवालाच्या कागदाबरोबर ते चित्रही मागून घ्यावे आणि मुलगी गाडीत बसण्याआधीच माहेरच्या डॉक्टरांकडे पोहोचवावे.