थेंब पडावा, पण सारखा!

दोस्तांनो, शंकराच्या देवळात पिंडीवर टांगलेलं तांब्याचं अभिषेकपात्र तुम्ही पाहिलंच असेल. बुडाला बारीक भोक आणि त्यातून टप् टप् पडणारं पाणी. पुढच्या वेळी तिथे पाच मिनिटं थांबा आणि थेंब मोजा. पात्र काठोकाठ भरलेलं असतं, तेव्हा थेंब भराभर पडतात. पाणी तळाशी गेलं की तेच थेंब रेंगाळायला लागतात. भोक तेच, पाणीही तेच, मग चाल का बदलली?

कारण सोपं आहे. भोकाच्या वर पाण्याची जेवढी उंची, तेवढा दाब. पाणी उतरलं की दाब उतरतो आणि थेंब मंदावतो. देवळात त्यानं काही बिघडत नाही. पण काही ठिकाणी या थेंबावर कुणाचा तरी जीव अवलंबून असतो!

मैंदर्गीचंच बघा. सोलापूर जिल्ह्यातल्या अक्कलकोट तालुक्यातलं हे गाव, कर्नाटकच्या सीमेजवळचं. मराठी आणि कानडी, दोन्ही भाषा कानावर पडणारं. इकडे पाऊस बेभरवशाचा आणि मे महिन्यात ऊन चाळिशीच्या पुढे. पावसाळ्यात शाळेतून आणलेलं लिंबाचं रोप तुम्ही मोठ्या कुंडीत लावलंत, हौसेनं वाढवलंत आणि मे महिन्यात चार दिवस मामाच्या गावाला गेलात, तर? जाताना बादलीभर पाणी ओतलंत, तरी बरंचसं भोकातून वाहून जाणार आणि तिसऱ्या दिवशी माती कोरडीठाक. रोपाला बादली नको असते, त्याला थोडं थोडं पाणी हवं असतं, आणि तेही रोज.

सोलापूरकडच्या डाळिंबाच्या बागांमध्ये ठिबक सिंचन असतं, ते याचसाठी. पाण्यात विरघळणारं खतसुद्धा शेतकरी ठिबकच्या नळीतून थोडं थोडं सोडतात. सगळं खत एकदम मुळाशी पडलं, तर मुळं पोळतात.

आता मैंदर्गीहून थेट समुद्रावर जाऊ. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ, मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत. प्रवाळ म्हणजेच पोवळं. ते दगडासारखं दिसतं, पण असतात ते चिमुकले प्राणी. समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम घेऊन ते स्वतःभोवती कॅल्शियम कार्बोनेटचं घर बांधतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 400 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. अथांग समुद्रात ते संपत नाही. पण प्रवाळ काचेच्या टाकीत ठेवले, तर थोड्याच दिवसांत पाण्यातलं कॅल्शियम कमी पडू लागतं.

मग मत्स्यालयवाले काय करतात, ठाऊक आहे? चुन्याची निवळी घालतात! फुंकर मारली की दुधाळ होणारी, शाळेच्या प्रयोगातली निवळी, तीच ही. पण निवळी असते भलतीच तीव्र अल्कली. तिचा सामू 12 च्या वर. पेलाभर निवळी एकदम ओतली, तर पाण्याचा सामू झपकन चढतो आणि मासे, प्रवाळ सगळेच धोक्यात येतात. म्हणून ती थेंबाथेंबानं सोडतात, बहुधा रात्री. कारण रात्री टाकीतल्या पाण्याचा सामू आपोआप थोडा उतरलेला असतो. आजकाल या कामासाठी विजेवर चालणारे छोटे पंप मिळतात. त्यातली चाकं मऊ नळीला दाबत दाबत पुढे सरकतात आणि द्रव पुढे ढकलतात. आपल्या आतड्यात अन्न असंच पुढे सरकतं.

पण वीज गेली की पंप बंद! आपण विजेशिवाय चालणारं यंत्र बनवू या.

साहित्य : जाड प्लास्टिकचा, घट्ट झाकणाचा पाच लिटरचा कॅन (पातळ बाटली आत चेपते), औषधाच्या दुकानातून आणलेला नवा कोरा सलाईनचा सेट, कॅनच्या उंचीएवढी एक सरळ, कडक, बारीक प्लास्टिकची नळी, एम-सील, औषधाच्या बाटलीचं 5 मिलीचं मापाचं झाकण. सलाईनचा सेट वापरलेला मुळीच नको. सुई असेल, तर ती मोठ्यांकडून आधी काढून घ्या.

कृती : (1) सलाईनच्या सेटमधला थेंब पडतात तो फुगीर भाग कापून टाका. चाकाची चिमटी असलेली लांब नळी ठेवा.

(2) कॅनच्या कडेला, तळापासून दोन बोटं वर, तापवलेल्या खिळ्यानं भोक पाडा. हे काम घरातल्या मोठ्यांना करू द्या. भोकात सलाईनच्या नळीचं टोक घट्ट बसवा आणि भोवती एम-सील लावा.

(3) झाकणाला भोक पाडून त्यातून कडक नळी आत सोडा. तिचं खालचं टोक कडेच्या भोकाच्या दोन बोटं वर राहिलं पाहिजे. झाकणापाशी एम-सील लावा आणि रात्रभर वाळू द्या.

(4) चिमटी बंद करून कॅन पाण्यानं भरा. झाकण गच्च लावा. कॅन स्टुलावर ठेवा, नळी खाली सोडा आणि चिमटी हळूच उघडा.

आता कॅनमध्ये नजर ठेवा. आधी आतल्या नळीतलं पाणी उतरेल. मग तिच्या टोकातून बुडबुडा निघेल. थोड्या वेळानं दुसरा. बुडबुडे आले की समजा, यंत्र चालू झालं!

हे होतं कसं? झाकण गच्च असल्यामुळे कॅनमध्ये हवा शिरायला एकच वाट आहे, ती म्हणजे आतली नळी. त्यामुळे तिच्या खालच्या टोकाशी दाब नेहमी बाहेरच्या हवेइतकाच राहतो. वर पाणी वीतभर असो की चार बोटं, बाहेर पडणाऱ्या थेंबाला ते कळतच नाही! त्याला दिसते ती फक्त दोन टोकांमधली उंची : आतल्या नळीचं खालचं टोक आणि बाहेरच्या नळीचं टोक. ती उंची बदलत नाही, म्हणून थेंबाची चालही बदलत नाही. सतराव्या शतकातल्या एद्म मारिओत या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावावरून अशा भांड्याला मारिओतची बाटली म्हणतात.

खरं वाटत नाही? मग झाकण सैल करून मोजा. कॅन भरलेला असताना मिनिटाला किती थेंब, अर्धा असताना किती? आता झाकण गच्च लावून तेच करा. चारही आकडे वहीत लिहा. फरक तुमचा तुम्हालाच दिसेल.

आता थोडं गणित. मापाच्या झाकणात 5 मिली पाणी जमायला किती थेंब लागतात ते मोजा. समजा 100 लागले. म्हणजे 1 मिलीला 20 थेंब आणि पाच लिटरला 1 लाख थेंब! चार दिवसांचे सेकंद होतात 3,45,600. म्हणजे साधारण साडेतीन सेकंदांना एक थेंब पडला, तर कॅन चार दिवस पुरेल. चिमटीचं चाक फिरवून तेवढी चाल लावा. अगदी तळाचं पाणी उरेल, ते हिशेबात धरू नका. तुमच्या नळीचे थेंब वेगळे भरतील, तेव्हा आकडेही तुमचेच घ्या.

या गोष्टी विसरू नका बरं का! कॅन सावलीतच ठेवा. उन्हात आतली हवा तापून फुगते आणि पाणी बाहेर ढकलते, मग सगळा हिशेब चुकतो. बुडबुडे येत नसतील आणि थेंब मंदावत असेल, तर झाकणातून हवा शिरते आहे असं समजा. गावाला जायच्या आधी दोन दिवस यंत्र चालवून बघा. चुन्याच्या निवळीचा प्रयोग मात्र घरच्या माशांवर करायचा नाही. निवळी डोळ्यांत गेली तर इजा होते. आणि प्रवाळ समुद्रातून काढायचे नसतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्यांना संरक्षण आहे. आपलं यंत्र साध्या पाण्याचं आणि कुंडीतल्या रोपासाठी.

जाता जाता एक कोडं. आतली नळी चार बोटं वर उचलली, तर थेंब भराभर पडतील की सावकाश? आणि कॅनमधलं किती पाणी सारख्या चालीनं मिळेल, जास्त की कमी? आधी अंदाज वहीत लिहा आणि मगच नळी उचला!