ठाण्याच्या त्या बाईच्या तक्रारीचे काय झाले?

चौदाव्या शतकातल्या पोपशी कामणच्या बाईचे काय देणेघेणे, असे कुणी विचारील. पण धागा शेजारच्या सोपाऱ्यातूनच जातो.

बाविसावे जॉन १३१६ साली, सत्तरी उलटल्यावर पोप झाले आणि १३३४ पर्यंत रोमऐवजी आव्हिन्योंला बसून त्यांनी कारभार केला. हिशेबाला पक्के, तिजोरी भरलेली. येशूच्या मालकीचे काहीच नव्हते, हे फ्रान्सिस्कनांचे म्हणणे त्यांनी १३२३ मध्ये पाखंड ठरवले. १३१७ साली जारी केलेल्या त्यांच्या कायदेसंग्रहात बेगीन बायांविरुद्धचाही हुकूम होता. या बाया लग्न करीत नसत, मठाच्या भिंतीआडही जात नसत. एकत्र राहायच्या, कापडाची कामे नि आजाऱ्यांची सेवा करून पोट भरायच्या. वर देवाधर्मावर बोलायच्या, तेच खुपले. ‘चांगल्या’ बेगिनींना त्रास देऊ नका, असे पोपने नंतर कळवले खरे. आता चांगली कोण हे कोण ठरवणार, ते तुम्हाआम्हाला ठाऊक आहे!

याच पोपच्या काळात, १३२१ साली, चार फ्रान्सिस्कन ठाण्यात मारले गेले. त्यांचा सोबती जॉर्डन याने त्यांचे देह सोपाऱ्यात पुरले. पोपने १३२९ मध्ये कोल्लमचा धर्मप्रांत स्थापून त्यालाच बिशप नेमले. चर्चच्या इतिहासात हे अभिमानाने सांगतात.

पण सुरुवात कुठून झाली? थोड्याच काळाने इथे आलेला प्रवासी ओदोरिक लिहितो की, हे चौघे ठाण्यात एका ख्रिस्ती घरी उतरले होते. त्या घरच्या नवऱ्याने एका रात्री बायकोला बडवले. सकाळी ती तडक काजीकडे गेली. पुरावा काय, असे काजीने विचारले. ती म्हणाली, घरात चार साधू होते, त्यांना विचारा. काजीने त्यांना बोलावले, धर्माचा वाद निघाला आणि अखेर चौघांचे प्राण गेले.

चौघांची नावे ओदोरिकने नोंदली. तिचे नाव नाही. तिच्या माराचा निकाल काय लागला, त्यावर एक ओळ नाही. पाहुण्यांपैकी कुणी मध्ये पडले, असेही तो लिहीत नाही.

आमच्या बैठकीत ही गोष्ट सांगितली तर एक बाई पटकन म्हणाली, ‘तिने घरातले घरात ठेवले असते तर चौघे वाचले असते.’ मला राग आला, मग वाईट वाटले. एवढे चटकन सुचते आपल्याला!

मागच्या वर्षी शेजारणीबरोबर एका चौकीत गेले होते. पहिला प्रश्न तोच, साक्षीदार कोण? घरात सासू होती, दीर होता. दोघेही म्हणाले, आम्ही झोपलो होतो.