गोळ्या घेणारा प्रत्येक जण खुनी नसतो!

सेकंड इयरला आम्ही एक शॉर्टफिल्म केली होती. सायकॉलॉजिकल थ्रिलर! स्क्रिप्ट माझीच. हॉस्टेलमधून एकेक मुलगी गायब होते आणि शेवटी कळतं, की हे सगळं मानसिक आजारावर गोळ्या घेणाऱ्या रूममेटनं केलंय. शूटिंग मोबाइलवर, बजेट वडापावपुरतं. टाळ्या मात्र भरपूर मिळाल्या. कार्यक्रम संपल्यावर फर्स्ट इयरची एक मुलगी जवळ आली आणि हळूच म्हणाली, "ताई, माझ्या दादाला पन गोळ्या चालू हायत. त्यो कुनाला मारत न्हाई."

मला काही बोलताच आलं नाही.

घरी जाताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. तिच्यासारखं बोलणारं आमच्या फिल्ममध्ये एकच पात्र होतं, वॉचमन. त्यानं तोंड उघडलं की हॉल हसायचा. आम्ही सगळे सातारा-सांगलीचे, पण भीती, संशय, अपराधीपणा असलं 'खोल' काही बोलायचं म्हटलं की पात्रं पुण्याची भाषा बोलायची. जणू आपल्या बोलीत माणसाला मनच नसतं!

याची सवय आपल्याला झालीय. वाई-मेणवलीचंच बघा. 'स्वदेस'मध्ये (२००४) मेणवली उत्तर प्रदेशातलं गाव झाली, 'दबंग'मध्ये (२०१०) वाईही तिकडचीच झाली. घाट आपला, वाडे आपले, गर्दीतली माणसंही आपली. गोष्ट मात्र दुसऱ्याची. 'तुंबाड'सारखा (२०१८) जबरदस्त सिनेमा कोकणातल्या मराठी घरात घडतो, पण ते घर बोलतं हिंदीत. मोठ्या पैशांच्या सिनेमाला मार्केटचं कारण तरी देता येतं. आमच्या फिल्मला कुठला प्रोड्यूसर होता? तो साचा आमच्यावर कुणी लादला नव्हता, आम्हीच उचलला होता.

तो साचा जुना आहे. 'सायको' (१९६०) ते 'स्प्लिट' (२०१६), दुभंगलेलं मन म्हणजे खुनी हे आपण पाहत आलोय. त्यात स्किझोफ्रेनिया म्हणजेच 'स्प्लिट पर्सनॅलिटी' हा गैरसमज. हे दोन वेगळे आजार आहेत. आणि मानसिक आजार असलेली माणसं हिंसा करण्यापेक्षा हिंसेची शिकार होण्याची शक्यता जास्त असते. आपल्या थ्रिलरमध्ये नेमकं उलटं दिसतं.

"मग थ्रिलर करायचाच नाही का?" असं तुम्ही विचाराल. करायचा की! पण सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' (२००४) एकदा बघा. तो थ्रिलर नाही. तरी अतुल कुलकर्णीनं साकारलेला शेष बघताना श्वास अडकतो, कारण स्किझोफ्रेनिया झालेल्या त्या माणसाच्या डोक्यात काय चाललंय हे आपल्याला आतून दिसतं. त्याला सांभाळणाऱ्या बहिणीची ओढाताणही दिसते. याच जोडीच्या 'कासव'नं डिप्रेशनमधल्या तरुणाची गोष्ट सांगितली आणि २०१६चं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळवलं. म्हणजे आजाराला खलनायक न करताही प्रेक्षकाला खुर्चीला खिळवून ठेवता येतं.

म्हणून मित्रांनो, यंदा कॉलेजच्या फेस्टिव्हलसाठी स्क्रिप्ट लिहाल तेव्हा तीन प्रश्न स्वतःला विचारा. खुनी 'वेडा' आहे म्हणून खून करतो, की त्याच्याकडे खरं कारण आहे? गावाकडचं बोलणारं पात्र फक्त हसवायला आहे का? आणि ज्याच्यावर फिल्म बेतलीय, तो माणूस प्रेक्षकांत बसला असेल तर त्याच्या डोळ्यांत बघता येईल का?

१८४३ साली ज्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' रंगमंचावर आणलं, त्या मातीला गोष्ट सांगायचं कुणी शिकवायला नको. मोबाइल आपल्या खिशात आहेच. मी ती जुनी स्क्रिप्ट पुन्हा लिहायला घेतलीय. या वेळी कॅमेरा रूममेटच्या बाजूनं आहे आणि ती सांगलीचंच बोलते. पहिला ड्राफ्ट त्या फर्स्ट इयरच्या मुलीला वाचायला देणार आहे.