व्याज कोण भरतो?

मडके घेताना आपण टिचकी मारून त्याचा आवाज ऐकतो. वांगे घेताना ते उलटेपालटे करून पाहतो. परंतु जन्मभराची पुंजी दुसऱ्याच्या हवाली करताना मात्र आपण एकच गोष्ट पाहतो, ती म्हणजे व्याजाचा दर. या अजब व्यवहाराबद्दल आज स्पष्ट बोलणे आम्हांस अगत्याचे वाटते.

निमित्त आहे दिग्रसचे. यवतमाळ जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव कापूस आणि सोयाबीनच्या उलाढालीवर जगते. तेथील जनसंघर्ष अर्बन निधी या संस्थेतील ठेवी 2024 च्या अखेरीस परत मिळेनाशा झाल्या आणि कोट्यवधी रुपयांच्या फसवणुकीची तक्रार पोलिसांत गेली. दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. आम्हांस बोलायचे आहे ते त्यानंतर सर्वत्र ऐकू येणाऱ्या एका शेऱ्याविषयी: ‘लोभाचे फळ मिळाले!’

हा शेरा आम्हांस मान्य नाही. पेन्शन नसलेल्या वृद्धाने दोन टक्के अधिक व्याजाची आशा धरणे, हा लोभ नव्हे. महागाईने त्याला शिकवलेले ते गणित आहे. त्याची चूक आशेत नाही, न विचारलेल्या प्रश्नात आहे. आणि तो प्रश्न त्याने विचारू नये, अशी व्यवस्था इतरांनी केलेली असते.

‘निधी’ म्हणजे काय? ती बँक नव्हे. कंपनी कायदा, 2013 आणि 2014 चे निधी नियम यांखाली चालणारी ती कंपनी असते. तिने फक्त सभासदांकडून ठेवी घ्याव्यात आणि सभासदांनाच सोने, घर-जमीन किंवा ठेवी यांच्या तारणावर कर्ज द्यावे, असा दंडक आहे. ठेवींसाठी जाहिरात करण्यास आणि ठेवी गोळा करणाऱ्याला दलाली देण्यास तिला मनाई आहे. म्हणजे कमिशनवर ठेवी मागणारा एजंट दारात उभा राहिला, की नियम उंबरठ्यावरच मोडलेला असतो! हे किती ठेवीदारांना कोणी सांगितले होते?

भेद किती मोठा आहे, हे त्याच जिल्ह्यात दिसले. यवतमाळच्या बाबाजी दाते महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये रद्द केला. धक्का मोठा होता. परंतु बँकेतील ठेवीला विम्याचे कवच असते. 1993 पासून 1 लाख रुपयांची असलेली त्याची मर्यादा 2020 मध्ये मुद्दल व व्याज मिळून 5 लाख रुपये झाली. निधीतील ठेवीला आणि पतसंस्थेतील ठेवीला हे कवच नाही. फलकावरील अक्षरे सारखीच सुबक असतात. त्यांच्या मागची जमीन सारखी नसते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपल्याला मिळणारे व्याज कोण भरतो? ठेवीदाराला बारा टक्के द्यायचे, तर कार्यालयाचे भाडे व नोकरांचे पगार धरून कर्जदाराकडून पंधरा-सोळा तरी घ्यावे लागतील. पीककर्ज वेळेवर फेडणाऱ्या शेतकऱ्याला सरकारी सवलतीमुळे त्याहून कितीतरी स्वस्त दर मिळतो. मग सोळा टक्क्यांनी कर्ज घेईल कोण? बहुधा तोच, ज्याला बँकेचे दार बंद झाले आहे. ज्याचे जुने कर्ज थकले, पीक बुडाले, घरात आजारपण आले. अशा माणसाकडून वसुली होण्याची शाश्वती सर्वांत कमी असते आणि त्याच्याकडून व्याज घेताना मनाला टोचणीही सर्वांत अधिक लागायला हवी. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या जिल्ह्यात तर हे वेगळे सांगायलाच नको.

जोखीम मोजण्याचे काम हिशेबनिसाचे आणि नीतीचा विचार प्रवचनकाराचा, अशी वाटणी आपण करून ठेवली आहे. ती खोटी आहे. दोघांचा प्रश्न एकच आहे: पैसा येतो कोठून? उत्तर ‘अडलेल्या माणसाकडून’ असे आले, तर आपली सद्सद्विवेकबुद्धी जागी व्हावी. उत्तरच आले नाही, तर समजावे की जुन्या ठेवीदाराचे व्याज नव्या ठेवीदाराच्या मुदलातून दिले जात असू शकते. 1920 मध्ये बोस्टनला चार्ल्स पाँझीने 45 दिवसांत 50 टक्के नफ्याचे आमिष दाखवून हेच केले. त्याच्या जाळ्यात प्रथम सापडले ते त्याचेच इटालियन देशबांधव. आपल्या माणसावरचा विश्वास, हेच त्याचे भांडवल होते.

म्हणून आमचा रोख ठेवीदारापेक्षा विश्वास भाड्याने देणाऱ्यांवर अधिक आहे. उद्घाटनाची फीत कापणारे प्रतिष्ठित, ताळेबंद न वाचता शिफारस करणारे गुरुजी, मिस्सानंतर आवारातच पावतीपुस्तक उघडणारे आपले स्नेही, या सर्वांना आम्ही विचारतो: बुडाल्यास भरून द्याल काय? नसाल, तर गप्प राहणे हाच खरा शेजारधर्म.

वसईत 1918 मध्ये कॅथॉलिक बँकेची मुहूर्तमेढ रोवली गेली, तेव्हा एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांनी एकमेकांचा पैसा सांभाळण्याची जबाबदारी घेतली. नुसती ओळख पुरेशी नाही. तिच्यासोबत हिशेब मागण्याचे धैर्यही हवे. यापुढे आपल्यापैकी कोणीही सही करण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: संस्था कोणत्या कायद्याखाली आहे, ठेवीला विमा आहे का आणि माझे व्याज कोण भरणार? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा हसला, तर आपण उठावे, पैसे परत खिशात घालावेत आणि घरी यावे.